पाच पितळी वाद्यांचा सूट बांधताना

महोदय,

शिमग्याची पालखी, जाखडी, कोळीगीत, भजन अशा निरनिराळ्या चालींचा सूट (एकापाठोपाठ वाजवायची मालिका) पितळी वाद्यांसाठी बांधायचा असेल, तर चालींच्या आधी वाद्ये बघावीत. ब्रास क्विंटेट, म्हणजे पाच पितळी वाद्यांचा संच: दोन ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन आणि सगळ्यात खालच्या सुरांचा ट्यूबा. कोकणातल्या वरातीच्या बँडात हॉर्न आणि ट्यूबा सहसा नसतात; त्यांच्या जागी ई फ्लॅट आल्टो हॉर्न आणि युफोनियम (ट्यूबासारखे, पण लहान वाद्य) येते, आणि घोळ तिथेच होतो.

फ्रेंच हॉर्नसाठी एफ पट्टीत लिहिलेला कागद आल्टोवाल्यापुढे तसाच ठेवला की त्याची सगळी ओळ एक पूर्ण स्वर खाली वाजते. ती आधी एक स्वर चढवून लिहून घ्यावी. युफोनियमचे दुखणे निराळे. तीन पिस्टनच्या (सूर बदलायला दाबायच्या कळांच्या) युफोनियमवर खर्जातल्या ई सुराखाली नीट उतरता येत नाही (तो ई देखील तिन्ही पिस्टन दाबून थोडा चढाच लागतो). म्हणून वादक ट्यूबाचे खालचे सूर सप्तकभर वर उचलतो. मग खर्ज ट्रॉम्बोनच्या डोक्यावर बसतो आणि भरदार सुरावट पोकळ होते. पट्टी चढवावी, तर भार ट्रम्पेटच्या ओठांवर येतो. त्यापेक्षा त्या जागी ट्रॉम्बोनचीही ओळ फिरवून लिहावी.

ओठांचा हिशेब तर कुणी करतच नाही. जाखडी आणि पालखी या जोरकस चाली लागोपाठ नकोत. भजनाचा संथ भाग विसाव्याचा वाटतो, पण हळू आवाजात लांब सूर धरण्यातच ओठ थकतात. तो दुसरा ठेवावा, शेवटाकडे नाही. भजनातल्या मींडेच्या (सुरावरून सुरावर घसरत जाण्याच्या) जागा ट्रॉम्बोनला द्याव्यात. पिस्टनच्या वाद्यावर मींड तुटते. ट्रॉम्बोनची दांडी एका ओढीत सहा अर्धस्वर घसरते, त्याहून लांब मींड मात्र लिहू नये. म्यूट (आवाज दाबायला वाद्याच्या तोंडात बसवायचे बूच) लावायला 4 सेकंद तरी हवेत, म्हणजे 120 च्या लयीत चार-चार मात्रांचे दोन बार मोकळे.

राहिला सूर. नळीतली हवा 10 अंशांनी तापली की सूर अर्धस्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने चढतो. पेटीच्या पट्ट्या तशा चढत नाहीत. मे महिन्यातल्या मांडवात पेटीशी सूर मिळवायचा, तर वाद्ये आधी दहा मिनिटे फुंकून घ्यावीत आणि मगच सूर उतरवायला ट्यूनिंगची स्लाइड (नळीचा सरकता भाग) बाहेर ओढावी.

एक बँडमास्तर, मालवण