मिठी मारायच्या आधी त्याच्या तोंडाकडे तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत घरी नव्याने आलेल्या कुत्र्या-मांजरांचे फोटो छापता, ते मी आवर्जून बघते आणि खरं सांगू का, दर वेळी थोडी चिडते. फोटो गोड असतात हो, पण जरा त्या कुत्र्याच्या तोंडाकडे बघा ना. पोराने गळ्यात दोन्ही हात टाकलेत, पोरगं कॅमेऱ्याकडे बघून हसतंय आणि कुत्र्याचे कान मागे चिकटलेत, मान दुसरीकडे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, जीभ नाकावर. आपण म्हणतो किती शांत बसलाय बघा! शांत कसला, हे कधी संपतंय याची वाट बघतोय तो.

मी काही शहाणी नाही, स्वतः हेच करून बसलेय. आमच्याकडे कुत्री आली ती दोन-अडीच वर्षांची, पिल्लू नव्हे. पहिल्याच संध्याकाळी शेजारी, नातेवाईक, पोरंटोरं सगळे बघायला हजर, ती सोफ्यामागे जाऊन बसली तर मी तिला ओढून बाहेर काढलं, का तर सगळ्यांना भेटू दे. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी ती गुरगुरली आणि आम्ही तिलाच ओरडलो. आता कळतं की बिचारीने दोन दिवस गपचूप सांगून बघितलं आणि मग आवाज चढवला. गुरगुरणं म्हणजे वॉर्निंग, ती ओरडून बंद पाडली तर भीती तशीच राहते, फक्त वॉर्निंग जाते, आणि मग लोक म्हणतात कुत्रा अचानक चावला. अचानक वगैरे काही नसतं.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस काही करू नका. खाणं, पाणी, फिरवणं ठरल्या वेळी, बाकी टक लावून बघायचं नाही, अंगावर वाकायचं नाही, डोक्यावरून हात न्यायचा नाही. मग मी रोज संध्याकाळी सोफ्यापासून जरा लांब, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर वाचत बसायचे, शेजारी खाऊचा एक तुकडा. सुरुवातीला तो तुकडा मी उठून गेल्यावरच गायब व्हायचा, मग मी बसलेली असतानाच जायला लागला, आणि अकराव्या दिवशी (तारीख लिहून ठेवलीय, हसू नका) माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. पायाला मुंग्या आल्या होत्या तरी मी हलले नाही.

कुत्री दत्तक देणारे लोक ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक ठोकताळा सांगतात. घाबरणं कमी व्हायला, घराचं रुटीन कळायला आणि हे घर आपलं वाटायला. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, आमचीला तर चार महिने लागले, पण तिसऱ्याच दिवशी "हा लळाच लावत नाही" म्हणून परत द्यायला निघालेल्यांनी निदान एवढं तरी ऐकावं.

आणखी एक, ते "त्याला कळतं चूक झालीय, बघा कसा तोंड पाडून बसलाय" प्रकरण. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग केला होता, त्यात तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ चोरला की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की दिसत होता. काहीच न केलेल्या कुत्र्यांचाही! म्हणजे तासाभरापूर्वी फाडलेल्या चपलेवरून आपण आता ओरडतो तेव्हा तो चपलेचा विचार करत नसतो, आपल्याला घाबरत असतो.

कोणी म्हणेल, डोळ्यात डोळे घालून बघितलं की प्रेम वाढतं असं वाचलंय. बरोबर आहे, जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की मालक आणि कुत्रा एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं हार्मोन, वाढतं. पण ती जोडी आधीची ओळखीची असते हो, कालच घरात आलेल्या कुत्र्याला अनोळखी माणसाची रोखलेली नजर म्हणजे धमकीच. मांजरवाल्यांनी तर डोळे हळूच मिटून उघडून बघावं, मांजर पुष्कळदा तसंच उत्तर देतं आणि मग जवळ येण्याची शक्यताही वाढते.

मिठी मारूच नका असं नाही म्हणत. तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. त्याने डोकं पुढे केलं तर अजून खाजवा, उठून गेला तर जाऊ द्या. पोरांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं, आमच्याकडे तरी तसंच झालं.

तर संपादकसाहेब, फोटो छापा, नक्की छापा, फक्त निवडताना माणसाचं हसू सोडून एकदा प्राण्याचे कान बघा. आमचीचा फोटो सोबत जोडलेला नाही, तिला कॅमेरा आवडत नाही.

आपली,
एक नियमित वाचक