नारळवाल्याचं उत्तर

फोंडा, गोवा
श्रावणातला सोमवार

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर तू हसलास ते अजून कानात आहे. "काय रे, नारळवाला झालास म्हणे! शेंगदाण्याचं कूट विसरलास का?" तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, एका हातात झारा होता, उत्तर सुचलं नाही. आज सुट्टी आहे. पाऊस असा लागलाय की समोरच्या घराची कौलंही दिसत नाहीत. मोड आलेल्या मुगांची सालं काढून झाली आहेत. तेव्हा आता सविस्तर ऐक. तू गणपतीच्या सुट्टीत येणार आहेस आणि "तिथं मासे न खाणाऱ्यानं जगायचं कसं" हा तुझा खरा प्रश्न आहे, हेही मला कळलंय.

कूट मी विसरलो नाही रे. कूटच मला सोडून गेलं. बदली झाली तेव्हा तुझ्या वहिनीने तीन डबे भरून दिले होते: काळा मसाला, कूट आणि शेंगा चटणी. शिवाय ज्वारीचं पीठ आणि कडक भाकऱ्यांची चवड. पहिले सात-आठ महिने मी फोंड्यात राहून सोलापूरच रांधलं. शेंगदाण्याची आमटी, झुणका, भरली वांगी. जमत होतं. मग जून उजाडला. कूट पंधरा दिवसांत खवट. पिठात अळ्या. आणि कडक भाकरीचं काय झालं सांगू? सकाळी डब्याचं झाकण नीट लावायचं राहिलं, दुपारी भाकरी हातात घेतली तर रबरासारखी वाकली! मोडली नाही, वाकली. आपल्याकडे जी महिना-महिना टिकते ती इथे एका दुपारीत नरमली. त्या दिवशी मी खूप वेळ ती भाकरी हातात धरून बसलो होतो. बायको-पोरं तिकडे, बारावीचं वर्ष, आणि इथे भाकरीसुद्धा आपली राहिली नाही, असलं काहीतरी मनात येत होतं. वय वर्षं सत्तेचाळीस, लाज वाटते सांगायला.

शेजारच्या माई तेव्हा कुंपणापलीकडून म्हणाल्या, "कितें रांदलां?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी वाटीभर तांबडी भाजी आणून दिली. माई पंच्याहत्तरीच्या. मासळीशिवाय जेवण त्यांना जेवण वाटत नाही, पण सोमवारी आणि सणावारी शिवराक. शिवराक म्हणजे शाकाहारी, हा इथला शब्द. तुझा समज असा, की गोव्याच्या हिंदू घरात रोज नुस्तं म्हणजे मासेच शिजतात. पण श्रावणातले सोमवार, चतुर्थी, व्रतवैकल्यं, देवळातली समाराधना हे सगळं धर, म्हणजे शिवराक स्वयंपाक किती मुरलेला असेल ते कळेल. तो मासळीच्या जागी पनीर घालून केलेला स्वयंपाक नाही, त्याचं सगळं स्वतंत्र आहे.

तांबडी भाजी म्हणजे आपला लाल माठच. पण इथली कोवळी असते, देठासकट चिरायची. कढईत चमचाभर खोबरेल, कांदा, दोन हिरव्या मिरच्या, वर भाजी, मीठ शेवटी. पाण्याचा थेंब नको, धुतलेलं पाणी पुरतं. दहा मिनिटांत आळते. मग मूठभर खवणलेला नारळ घालून गॅस बंद. मी पहिल्यांदा सवयीने शेंगदाण्याचं कूट आणि लसूण घातला होता. वाईट नव्हती, पण पालेभाजीची चव कुठे गेली ते शोधावं लागलं. नारळाने भाजी झाकली जात नाही.

आता तुझ्या नारळाच्या हिशोबाकडे येतो, कारण तुझ्यासारख्या माणसाला खर्चाची भाषा लवकर कळते. तुला वाटतं मी प्रत्येक भांड्यात एकेक नारळ ओततो. अरे, एका नारळात माझा दोन वेळचा स्वयंपाक निघतो. माईंनी शिकवलेली पद्धत अशी: सकाळी आदोळीवर एक नारळ खवणायचा. (आदोळी म्हणजे पुढे खवणी असलेली विळी. पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर बोट खवणून घेतलं, तुला बसू देणार नाही.) अर्ध्या नारळाचं वाटण करायचं: चमचाभर धणे, चार-पाच सुक्या मिरच्या, चार मिरी, हळद. हे एकदा गंधासारखं बारीक झालं की कालवणाची चिंता मिटली. उरलेल्या अर्ध्याचं कोमट पाणी घालून दूध काढायचं, ते सोलकढीला. आणि पिळून राहिलेला चोथा? तो टाकायचा नाही. तो भाजीत जातो, नाहीतर हिरवी मिरची आणि आमसूल घालून चटणीत. माझ्या घरी नारळाची फक्त करवंटी बाहेर जाते, आणि तीही माई चुलीला नेतात.

सोलकढी तू हॉटेलात प्यायला असशील, ती गुलाबी रंगाची. घरची करून बघ. आठ-दहा आमसुलं पाऊण वाटी पाण्यात अर्धा तास, हाताने कुस्करून ते पाणी दुधात. लसणाची एक पाकळी आणि अर्धी हिरवी मिरची ठेचून, मीठ. सोमवारी लसूण वगळतात. गॅसवर ठेवू नकोस, फाटते. आणि बाजारात "आमसूल द्या" म्हणू नकोस, "सोलां" म्हण. फळाला भिरंड म्हणतात. मी एकदा दुधी मागितली होती, बाईने तांबडा भोपळा कापून हातात दिला. इथे दुदी म्हणजे भोपळा! भांडायला गेलो असतो तर दोघेही बरोबर होतो. घरी येऊन त्याच भोपळ्याची भाजी केली.

आता आजचा बेत, मुगागाठी. हा एक पदार्थ शिकलास तर गोव्यातला शिवराक स्वयंपाक निम्मा आला असं मी म्हणेन. एक वाटी मूग रात्रभर भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधायचे. सोलापूरला मोड यायला थंडीत दोन दिवस लागतात. इथे जूननंतर बांधलेलं पुरचुंडं रात्री सोडलं तरी शेपट्या दिसतात. जास्त ठेवलं तर मात्र आंबूस वास येतो, दोनदा फेकून दिलेत. मग खरं काम. मोड आलेले मूग कोमट पाण्यात टाकून हलक्या हाताने चोळायचे. सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळायचे. पाच-सहा पाणी तरी लागतात. पहिल्यांदा केलं तेव्हा वैताग आला, "सालं राहिली तर काय बिघडतं, उलट चोथा पोटाला चांगला" असं मी माईंना ऐकवलं. त्यांनी वाद घातला नाही. सालासकटची मुगागाठी मी खाल्ली, त्यांनी फक्त ताट बघितलं. रस्सा काळपट, मूग घशात अडकणारे. पुढच्या सोमवारपासून मी निमूटपणे सालं काढतो. खरं सांगायचं तर आता तेच काम सगळ्यात आवडतं. पाऊस पडत असतो, रेडिओ चालू असतो, हात पाण्यात.

कुकरला लावू नकोस, लगदा होतो. पातेल्यात थोड्या पाण्यात, दाणा बोटाने दाबला तर दबेल पण फुटणार नाही इतपत शिजवायचे. वाटण घालायचं, सुपारीएवढा गूळ, एक-दोन सोलां, मीठ. गूळ माडाचा मिळाला तर बघ. काळपट असतो, वासात धूर असतो. एक उकळी, आणि वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. बस. यात कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटो नाही. तुझा पहिला प्रश्न, "मग चव कशाची?" मुगाची. आपण सोलापूरकर मसाल्याची चव खातो आणि तिला भाजीचं नाव देतो. रागावू नकोस, मीही त्यातलाच.

आणि गोव्यातलं जेवण मिळमिळीत म्हणतोस तर तुला तेफळ दाखवतो. सुकलेलं, हिरवट-काळं, फुटलेल्या मिऱ्यासारखं दिसतं. एक दाणा चावलास की जिभेला झिणझिण्या येतात आणि दोन मिनिटं पाण्याचीसुद्धा चव वेगळी लागते. खतखत्यात, म्हणजे इथल्या मिसळ भाज्यांच्या कालवणात, हे लागतंच. गेल्या चतुर्थीला मी हौसेने खतखतं केलं. रताळं, सुरण, मुळा, भोपळा, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, निरफणस. पाचांच्या वर भाज्या हव्यात, जितक्या जास्त तितकं बरं. तूरडाळ वेगळी शिजवलेली. सगळं छान चाललं होतं. मग मी वाटणातच दहा-बारा तेफळं टाकली आणि मिक्सर फिरवला. सोलापुरी डोकं: मसाला आहे ना, मग वाट! कडू. इतकं कडू की गूळ घालून घालून खतखत्याचं पुरण व्हायची वेळ आली, तरी जाईना. माई कुंपणाशी उभ्या राहून डोक्याला हात लावून म्हणाल्या, "पोरा, तेफळां वाटिनात!" आतलं काळं बी काढून टाकायचं, साल पाण्यात जरा ठेचायची आणि ते पाणी सालीसकट शेवटच्या उकळीला घालायचं, एवढंच. तेवढ्यासाठी आठ भाज्या वाया गेल्या. खतखत्याला फोडणीही नसते, तेलाचा थेंब नाही. आपल्याकडे फोडणी न दिलेली भाजी आजाऱ्याला देतात. इथे ती देवाच्या नैवेद्याला असते. यंदा तू येशील तेव्हा पुन्हा करणार आहे, तेफळं माईंच्या नजरेखाली.

कंटाळा असेल त्या दिवशी मी आळसांद्यांचं तोणाक करतो. आळसांदे म्हणजे इथली गावठी चवळी, तोणाक म्हणजे वाटणाचा दाट रस्सा. या एकाच पदार्थात तुला घर सापडेल, कारण त्यात नारळ आणि कांदा भाजून वाटतात, लवंग-दालचिनी-मिरीसकट. आपल्या काळ्या मसाल्याचा चुलतभाऊच. बरोबर भाकरी नको, पाव. पोदेर म्हणजे पाववाला सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, घे. पाव आला पोर्तुगीजांबरोबर, ते १५१० साली गोव्यात घुसले. मिरची, बटाटा, काजूही त्यांच्याच जहाजांनी आणले. म्हणजे तुझा सोलापुरी ठेचाही मुळात त्याच वाटेने आलेला. आता नारळवाला म्हणून हस.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. भाजीपाल्याच्या बाबतीत मी अजून घाटावरचाच. इथली पुष्कळ भाजी बेळगावहून घाट उतरून येते. पावसात रस्ता बंद झाला की कोबी-फ्लॉवरचे भाव चढतात आणि सगळे हळहळतात. माई हळहळत नाहीत. त्या परसात टायकिळ्याची, म्हणजे आपल्या टाकळ्याची, कोवळी पानं खुडतात, अळू आणतात. मला टायकिळा अजून ओळखता येत नाही. एकदा भलतंच तण उपटून आणलं होतं, त्यांनी हातातून काढून कुंपणाबाहेर फेकलं.

तर येताना काय आणायचं ते ऐक. कडक भाकऱ्या नकोत, पुन्हा तो अपमान नको. शेंगा चटणी आण, उखळात कुटलेली, मिक्सरची नको. गेल्या वेळी तू पाठवलेल्यातली वाटीभर माईंना दिली होती. त्यांना ते तिखट झेपणार नाही असं मला वाटलं. दुसऱ्या सोमवारी बघतो तर त्यांनी ती तांबड्या भाजीत घातली होती, नारळाच्या जोडीने, आणि मला वाटी देताना एक शब्द बोलल्या नाहीत. मी खाऊन विचारलं, "माई, हे काय घातलंत?" तर म्हणाल्या, "तुमचेंच." आणि हळूच पुढे, अजून आहे का म्हणून.

दोन किलो आण. एक माझं, एक माईंचं. माईंचं जरा कमी तिखट असू दे. नाही, असू दे तसंच.

तुझा,
बाळ्या