एकच दीर्घिका, दोन आकार

प्रिय आई-बाबा,

बाबा, दृश्य प्रकाशात एकदा मोजलेले दीर्घिकांचे आकार पुन्हा रेडिओ लहरींत कशाला मोजायचे, हे तुम्ही विचारलंत. फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून हे पत्र.

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश येताना वाटेतल्या वस्तुमानामुळे किंचित वळतो आणि तिचा आकार जरासा ताणला जातो. ताण जेमतेम एक टक्का. दीर्घिका मुळातच याहून कितीतरी जास्त लांबट असते, त्यामुळे एकीवरून काहीच कळत नाही. लाखोंची सरासरी काढली की ज्याचं त्याचं तिरकेपण खोडलं जातं आणि तो ताण उरतो. त्यावरून न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा नकाशा काढतात.

गोची अशी की दुर्बीणही आकार बिघडवते. जमिनीवरच्या दुर्बिणीत वातावरणामुळे चित्र फिसकटतं. रेडिओत अनेक अँटेना जोडून चित्र बनवावं लागतं, तर मधल्या रिकाम्या जागांमुळे तिथे भलत्याच चुका शिरतात. पण या दोन चुकांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांसारखं आहे हे: दोघांच्या जबानीत जे जुळेल, ते आकाशातलं.

खरी गंमत पुढे आहे. (आई, कंटाळलीस तर खुशाल शेवटावर जा.) दृश्य प्रकाशात तारे दिसतात. रेडिओत दिसतात ताऱ्यांच्या स्फोटांनी वेग दिलेले, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन. काल एक जोडी शेजारी शेजारी लावून पाहिली. एकीकडे छान तिरकी लंबगोल तबकडी, दुसरीकडे मधोमध एक ठिपका आणि बाजूला फुगीर डाग. दीर्घिका तीच! 2010 मध्ये व्हीएलए आणि मर्लिन या रेडिओ दुर्बिणींची चित्रं हबल या अवकाश दुर्बिणीच्या चित्रांशी ताडली, तेव्हा आकारांत जवळपास काही मेळच लागला नव्हता. पुढे कॉसमॉस क्षेत्रात, म्हणजे आकाशाच्या एका बारकाईने अभ्यासलेल्या तुकड्यात, तिरकेपणाची दिशा काही अंशी जुळली, तीही बरीच विखुरलेली.

मला विचाराल तर हे चांगलंच आहे. आकार वेगळे असतील तर एकाच दीर्घिकेची दोन जवळपास स्वतंत्र मापं मिळतात. अडचण संख्येची: पुरेशा ठळक रेडिओ दीर्घिका अजून फारच थोड्या. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या प्रचंड रेडिओ दुर्बिणीवर त्यासाठी सगळ्यांचा डोळा आहे.

सध्या मी यादीतून जेटवाल्या दीर्घिका वगळतेय. त्यांच्या कृष्णविवराने फेकलेले फवारे दीर्घिकेच्या पार बाहेर पसरतात, त्यांचा आकार आम्हाला निरुपयोगी. सोबत काही चित्रं पाठवतेय. बाबा, चष्मा लावून बघा आणि त्यातल्या कुठल्या काढायच्या ते कळवा.

तुमची लेक