आजऱ्याच्या वायरमन मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या रात्री तुम्ही भरल्या ताटावरून उठून आला होतात. आईला पुढे न्यायच्या घाईत तुमचे धड आभारही मानले नाहीत. ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून हे पत्र.

पुणे ते सावंतवाडी ही इलेक्ट्रिक गाडीची आमची पहिलीच लांबची खेप. बॅटरी ३० युनिटांची, एका युनिटला ६-७ किलोमीटर पडतात. कोल्हापुरात चार्जिंगच्या गनसाठी रांग होती, म्हणून ५५ टक्क्यांवरच निघालो. उरलेलं हायवे सोडण्याआधीच्या चार्जरवर भरू म्हटलं, तर तो बंद. आजऱ्यात पोचलो तेव्हा १३ टक्के उरले होते आणि आंबोली अजून पस्तीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीला ऑपरेशनसाठी गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेणार होते. ती निघायच्या आत तिला भेटायचं, एवढंच आईने दिवसभर धरून ठेवलं होतं.

हॉटेलवाल्या काकांनी फ्रीजची पिन काढून १५ अँपिअरचा सॉकेट मोकळा करून दिला. पण गाडीसोबतच्या चार्जरवरचा लाल दिवा काही जाईना. अर्थिंग मिळालं नाही की तो करंट घेतच नाही. जमलेल्यांपैकी एकाने सुचवलं, प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, चार्जरला कळत नाही. त्या घटकेला मी हो म्हणणारच होते.

तेवढ्यात तुम्ही आलात. ते ऐकलंत आणि मला म्हणालात, ‘न्हाई ताई. न्यूट्रल कुठं तुटला तर समदा करंट गाडीच्या पत्र्यात येतोय. आत आई बसल्यात न्हवं?’

मामा, मला सगळ्यात जास्त आभार या एका नकाराचे मानायचे आहेत. २ मिनिटांचं काम होतं. करून दिलं असतंत तर आम्ही तुम्हाला दुवाच दिला असता, आणि चार्जिंगला लावलेल्या गाडीत आई कशावर बसली आहे किंवा पुढच्या वेळी आपण तोच प्लग कुठे लावतो आहोत, हे आम्हाला कळलंही नसतं.

मग तुम्ही पिशवीतून टेस्ट लॅम्प काढलात. फेज आणि न्यूट्रलला लावल्यावर बल्ब लख्ख पेटला, फेज आणि अर्थला लावल्यावर नुसता मिणमिणला. टॉर्च घेऊन तुम्ही हॉटेलच्या मागे गेलात, मीही आले. अर्थिंगच्या पाइपाला वायर धरणारा नट गंजून सैल झाला होता. तो पॉलिश पेपरने घासून आवळलात. पाइपाभोवती मीठ आणि कोळसा भरतात तो ओल धरायला, हे मला तिथे कळलं. ‘जमिनीत वलच न्हाई, अर्थिंग कुठनं घावायचं?’ असं म्हणत तुम्ही काकांकडून खडेमीठ मागून घेतलंत आणि बादल्यांवर बादल्या पाणी ओतलंत. चांगली वीस मिनिटं मुरू दिलंत. परत लॅम्प लावला आणि या वेळी दोन्हीकडे बल्ब सारखाच पेटला. चार्जरचा दिवा हिरवा झाला तेव्हा आईने गाडीतूनच हात जोडले, ते तुम्ही पाहिलंत की नाही कोण जाणे.

गाडी सॉकेटजवळ आणायला काकांचं बाकडं हलवावं लागलं, पण एक्स्टेन्शन बोर्ड तुम्ही लावू दिला नाहीत. तासन्‌तास इतका लोड घेतला की तो वितळतो म्हणालात. आणि काम झालं तरी घरी गेला नाहीत! दर अर्ध्या तासाने पिनेला हात लावून ती तापते का ते बघत होतात. त्या सॉकेटवर तासाला जेमतेम ३ युनिटं जातात. ८ ते १२, चार तास तुम्ही आमच्यासाठी बसून होतात. आईशी घनसाळ तांदळाच्या गप्पा मारल्यात, तिचं मन मावशीवरून जरा हललं.

५१ टक्क्यांवर निघालो. आंबोलीचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच बॅटरी भरते. खाली पोचलो तेव्हा २ टक्के वाढलेले होते. दोनच्या सुमाराला सावंतवाडी आली. मावशी जागीच होती. दोघी बहिणी पहाटेपर्यंत हात हातात घेऊन बसल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं, आता ती घरात हिंडते-फिरते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. परतताना थांबलो तर तुम्ही कामावर गेला होतात. मावशीने तुमच्यासाठी घरच्या कोकमांचं आगळ दिलं आहे, बाटली हॉटेलवाल्या काकांकडे ठेवली आहे. जाता-येता तेवढी घेऊन जा. मामींना सांगा, आगळात मीठ आहे, सोलकढीला वेगळं घालू नका.

तुमची,
पुण्याची ताई