घडी उलगडायची तर पुरती

सोलापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावरची टिपणं, दोन्ही वाचली. “हे कुंडलिनीचं ज्ञान गुरुमुखातून घ्यायचं असतं, चारचौघांत वाटायचं नसतं,” असं त्या गृहस्थांनी तुला सगळ्यांसमोर सुनावलं, त्याचा राग अजून उतरलेला दिसत नाही. त्यांचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण तूही “आता सगळं सगळ्यांना खुलं आहे” एवढंच बोलून मोकळी झालीस. त्यापेक्षा ज्ञानेश्वरीच पुढे करायची होतीस की गं.

कुंडलिनीचं, म्हणजे देहात निजलेल्या त्या शक्तीचं, वर्णन संपतं तिथे जरा थांबून बघ. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय, तिथून निघून पिंडाने पिंड, म्हणजे देहानेच देह, गिळण्यापर्यंत सगळं सांगून होतं आणि मग माउली स्वतःच कबूल करतात, की हे नाथपंथाचं मर्म आहे, श्रीकृष्णाने त्याचा नुसता इशारा केला होता. पुढची ओवी तर सोलापूरकराला समजावून सांगायलाच नको. त्या इशाऱ्याचं गाठोडं सोडलं, अर्थाची घडी झाडली आणि मांडून दाखवली, कारण श्रोते गिऱ्हाईक आहेत हे ओळखलं! आपल्या चाटी गल्लीतला दुकानदार चादर दाखवतो तसंच. टोकं धरून झटकतो, गादीवर पुरती पसरतो, काठ दाखवतो, न विचारता उलटी बाजूही दाखवतो. चादरीचा तुकडा कापून कोणी हातात देत नाही.

आणि गुरूची आज्ञा मोडून हे केलं असंही नाही. अठराव्या अध्यायाच्या शेवटी परंपरा सांगितली आहे, ती त्या गृहस्थांना वाचून दाखव. कलीने गांजलेल्या जिवांकडे धाव घे, असं गहिनीनाथांनीच आपल्या शिष्याला, माउलींच्या गुरूला, निवृत्तिनाथांना सांगितलं. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ग्रंथ पुरा झाला, तो गुरूला समोर बसवून. तेव्हा उघडं करणं हाच संप्रदाय म्हण ना.

अधिकाराचा प्रश्नही तुझ्या त्या गृहस्थांच्या आधी अर्जुनाने विचारून ठेवलाय. माझ्या अंगी योग्यता नसेल तर? देवाचं उत्तर मला फार आवडतं. योग्यतेची काय कुठे खाण आहे का? जो थोडा विरक्त झाला, देहाच्या व्यवहारात नेमस्त झाला, तोच अधिकारी. यात जात नाही, दीक्षा नाही, फी तर नाहीच. (हल्ली फी फार असते. आपल्या शेजारच्या वहिनी शिबिराला जाऊन आल्या, पैसे भरले नि पाठदुखी घेऊन आल्या.)

मात्र त्या उत्तराला लागूनच जेवण मोजकं, झोप मोजकी, बोलणं मोजकं, चालणं मोजकं अशा ओव्या येतात आणि तुझ्या टिपणांत नेमक्या त्याच गळल्या आहेत. नागिणीचं पिल्लू आहे, प्रकाश आहे, पण आसन, आहार, निद्रा नाही. वाचणाऱ्याला कंटाळा येईल म्हणून गाळलंस ना? माझं भांडण तेवढ्यावरच आहे. सोपं करायला माझी ना नाही. भाषा आजची कर, ओव्यांचा अर्थ चार वाक्यांत सांग, जुने शब्द खाली फोडून दे. पण अवघड भाग गाळून राहिलेल्याला सोपं म्हणू नकोस. ती उलटी बाजूही दाखवायची.

आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचं बघ. बाराव्या शतकात त्यांनी आणि इतर शरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, लोकांच्या कन्नडात वचनं, म्हणजे छोटे मुक्त उद्गार, सांगितली, लपवण्यासारखं त्यांत काही नव्हतं. तरीही पुढे कितीतरी वचनं मठांत नि घरांत ताडपत्रांवर बांधून पडली. विजापूरच्या फ. गु. हळकट्टी वकिलांनी पोथ्या गोळा करून १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ छापायला घेतलं, तेव्हा कुठे ती पुन्हा सामान्य वाचकाच्या हाती आली. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे हात जोडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्यांतलं एक तरी वचन वाचलंय, हे विचारायची सोय नाही. मीही मराठीतूनच वाचली, तीही निवृत्त झाल्यावर.

म्हणून तू लिहीत राहा, कोणी काही म्हणो. पण प्रकाशकाने सुचवलेलं ‘एकवीस दिवसांत कुंडलिनी’ हे नाव आधी काढ. त्यांना विक्री हवी हे कळतं, पण माउलींनी दिवस सांगितलेले नाहीत, तू कुठून सांगणार? दुसरं, प्राणायाम वाचून कोणी एकट्याने श्वास कोंडायला बसू नये, जाणत्याकडून शिकावं, हे पहिल्याच पानावर ठळक घाल. तेवढ्यापुरते ते गृहस्थ बरोबर आहेत, त्यांना तसं सांगही.

टिपणं परत पाठवते आहे. लाल पेनाच्या खुणा माझ्या, पेन्सिलीच्या बाबांच्या. त्यांच्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या मान, अर्थाच्या मला विचारून.

तुझी,
आई