शासन निर्णयासोबत साध्या मराठीतलं एक पान द्या

प्रति,
मा. मंत्री, सामान्य प्रशासन विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : शासन निर्णय, अधिसूचना व परिपत्रके यांच्यासोबत साध्या मराठीतला एकपानी खुलासा देणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

१ जुलै २००४ रोजी महसूल विभागाने एक अधिसूचना काढली. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ खालचा अधिकार वापरून अनुसूची एकच्या अनुच्छेद ४ मधल्या काही प्रतिज्ञापत्रांना शुल्कमाफी दिली. साध्या भाषेत सांगायचं तर सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायचं प्रतिज्ञापत्र कोऱ्या कागदावर चालतं. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. तरी पुढची वीस वर्षं लोक शंभराचा स्टॅम्पपेपर घेऊन तहसीलच्या रांगेत उभे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचे पाचशे झाले, तेव्हा बोभाटा झाला आणि ही माफी जुनीच आहे हे कार्यालयांना नव्याने कळवावं लागलं.

यात कोणाची लबाडी शोधायची गरज नाही. कारकुनाच्या जागी बसून पाहा. नियम नीट कळला नसेल तर स्टॅम्पपेपर मागणं त्याला सोयीचं असतं. जास्तीचा कागद घेतला म्हणून त्याला कोणी जाब विचारत नाही. कमी घेतला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो. म्हणून नियमातली प्रत्येक संदिग्धता शेवटी अर्जदाराच्या खिशातून भरून निघते. सोपी भाषा म्हटलं की तो साहित्यिकांचा हट्ट समजला जातो, पण हा सरळ हिशेबाचा प्रश्न आहे.

अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो, कारण 'कठीण शब्द' हे त्याचं पूर्ण उत्तर नाही. अनुज्ञेय म्हणजे मिळू शकतं, विहित म्हणजे ठरवून दिलेलं, अधिक्रमित करणं म्हणजे जुना आदेश बाजूला सारून त्याच्या जागी नवा आणणं, भूतलक्षी प्रभाव म्हणजे मागच्या तारखेपासून लागू. असे पन्नासेक शब्द कोणीही आठवडाभरात शिकेल. खरा घोळ कागदाच्या रचनेत आहे.

शासन निर्णय उघडला की आधी विषय, मग 'वाचा' म्हणून जुन्या आदेशांची यादी, मग प्रस्तावना आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुठेतरी खुद्द निर्णय. दुरुस्तीचा आदेश असेल तर निर्णय नमुन्यादाखल असा असतो : 'उपरोक्त वाचा क्र. ३ येथील शासन निर्णयातील परिच्छेद ५ (ब) मधील "सहा महिने" या मजकुराऐवजी "बारा महिने" असा मजकूर वाचण्यात यावा. उर्वरित अटी व शर्ती कायम राहतील.' यातला एकही शब्द अवघड नाही आणि तरी काहीच कळत नाही. वाचा क्र. ३ शोधायचा, तो वाचा क्र. १ च्या दुरुस्तीचा निघतो, परिच्छेद ५ (ब) मध्ये मुदत अर्जाची आहे की अपिलाची हे पाहायचं, मधल्या क्र. २ ने तोच परिच्छेद आधी बदलला होता का तेही तपासायचं. जुनी प्रत स्कॅन केलेली असेल किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर शब्द टाकून शोधताही येत नाही.

हेच साध्या मराठीत लिहून बघू : 'अर्ज करायला आता सहाऐवजी बारा महिने मिळतील.' एवढं लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. सातव्या महिन्यात अर्ज केला म्हणून ज्यांना आधीच नकार मिळालाय, त्यांनी पुन्हा अर्ज करायचा का? मूळ आदेश यावर गप्प आहे. म्हणजे सोपं लिहिताना नियमातलं भोक दिसलं, जे 'मजकुराऐवजी मजकूर' लिहिताना दिसलं नव्हतं. आमच्या मते सोप्या खुलाशाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि तो नागरिकांच्या आधी विभागाला होतो. खुलासा सहीच्या आधी लिहिला तर भोक तिथेच बुजतं. नंतर लिहिला तर शुद्धिपत्रक, स्पष्टीकरणाचं परिपत्रक आणि मार्गदर्शन मागणाऱ्या पत्रांची रांग लागते.

दुसरा घोळ कागदाच्या वजनाचा. विधिमंडळाने केलेला अधिनियम, त्याखाली शासनाने केलेले आणि राजपत्रात छापलेले नियम, अधिसूचना, खात्याचा शासन निर्णय, खालच्यांना सूचना देणारं परिपत्रक हे सगळे कागद वाचणाऱ्याला सारखेच दिसतात : वर राजमुद्रा, खाली सही. पण परिपत्रकाने नियम बदलता येत नाही आणि नियमाने अधिनियम. सर्वांत जास्त गोंधळ मसुद्याचा होतो. जिथे पूर्वप्रसिद्धीची अट आहे तिथे नियमाचा मसुदा आधी राजपत्रात येतो, हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते आणि ती संपल्यावर, कधी बदल होऊन, अंतिम नियम निघतो. मसुदा प्रसिद्ध झाला की दुसऱ्या दिवशी 'नवा नियम लागू' अशा बातम्या फिरतात. लोक घाबरून कागदपत्रं गोळा करतात आणि हरकत नोंदवायची मुदत मात्र हातातून जाते. यावर उपाय अगदी फुकटचा आहे. मसुद्याच्या प्रत्येक पानावर आडवं, मोठ्या अक्षरात छापा : 'मसुदा, अजून लागू नाही. हरकत अमुक तारखेपर्यंत अमुक पत्त्यावर.' पहिल्या पानावर छापून भागत नाही, कारण व्हॉट्सअॅपवर फिरतं ते नेमकं तिसरं पान.

बनावट शासन निर्णयही फिरतात. खऱ्या निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला की मूळ प्रत मिळते. ही युक्ती किती जणांना ठाऊक आहे? संकेतांकाशेजारी 'खरेपणा तपासायचा असेल तर हा आकडा संकेतस्थळावर टाका' एवढी ओळ पुरे.

तारखांबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. एका आदेशाला तीन तारखा असू शकतात : सहीची, राजपत्रात प्रसिद्धीची आणि अंमल सुरू होण्याची. वाचणारा वरची तारीख धरतो, ती बहुधा सहीची असते. प्रसिद्धीशिवाय कायद्याचा अंमल नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सांगितलं. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूचा कायदा ठरावाने मंजूर केला होता, पण तो लोकांसमोर कधी आणलाच नव्हता, म्हणून त्याखालची शिक्षा टिकली नाही. ज्या कायद्याची खबरच पोचली नाही त्याखाली माणसाला दोषी धरता येत नाही, हे तत्त्व आपण मान्य करतो. मग प्रसिद्ध झालेला पण न समजणारा कागद त्याहून कितीसा वेगळा?

मुदतींचंही तसंच. 'आदेशापासून ३० दिवसांच्या आत' आणि 'आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत' यांत टपालाचे आठ-दहा दिवस सहज जातात. पहिला दिवस मोजायचा की नाही, शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर काय, याची उत्तरं सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात आहेत : 'पासून' म्हटलं असेल तर पहिला दिवस सोडायचा आणि शेवटच्या दिवशी सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो. पण अपील करणारा तो अधिनियम कशाला उघडेल? खुलाशात एक उदाहरण द्या : 'आदेश ५ मार्चला हाती आला तर शेवटचा दिवस ४ एप्रिल.'

आता सोपं करताना काय बिघडतं तेही सांगायला हवं, नाहीतर उद्या कोणी कवितेसारखा खुलासा लिहील. 'करता येईल' म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि 'करील' म्हणजे करावंच लागेल. सोप्या भाषेच्या भरात दोन्हींचं 'केलं जाईल' झालं की हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक पुसला जातो. 'व' आणि 'किंवा' एका वाक्यात आले की यादी तोडून लिहायला हवी. 'शिधापत्रिका व आधार किंवा वीजबिल' याचे दोन अर्थ होतात आणि प्रत्येक खिडकीवर वेगळा लावला जातो. 'पुढीलपैकी कोणतेही एक' आणि 'पुढील सर्व' अशा दोन वेगळ्या याद्या केल्या की वाद संपतो. 'परंतु'ने सुरू होणारा अपवाद गाळायचा मोह फार होतो, आणि नेमक्या त्याच अपवादात गरजू माणूस बसलेला असतो. फेरफार, वारस, कुळ, हरकत हे शब्द तर बदलूच नयेत. गावात ते सगळ्यांना कळतात, उलट त्यांच्या जागी घडवलेले शब्दच कळत नाहीत.

आमची मागणी अशी. नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, आदेशाचं प्रारूप ज्या कक्षाकडून चढतं, त्याच कक्ष अधिकाऱ्याने सोबत एक पानाचा खुलासा लावावा आणि प्रारूपावर सही करणाऱ्यानेच त्यावरही सही करावी. हे काम माहिती खात्याकडे किंवा बाहेरच्या संस्थेकडे देऊ नये. नियम का बदलला हे ज्याला ठाऊक आहे तोच तो खरा लिहू शकतो. पानावरचे प्रश्न ठरलेले असावेत : काय बदललं, आधी काय होतं, कोणाला लागू आणि कोणाला नाही, कधीपासून, काय करायचं, कोणते कागद, किती पैसे, किती दिवसांत, चालू अर्जांचं काय, नकार मिळाला तर कोणाकडे जायचं. लागू नसलेला रकाना कोरा न ठेवता 'लागू नाही' असं लिहायचं. सहीला जाण्याआधी पान दोघांना वाचायला द्यायचं : एक सेतू केंद्र चालवणारा आणि एक ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी). दोघांनी आपापल्या शब्दांत उलट सांगितलेला अर्थ जुळला नाही तर चूक त्यांची नाही, पान पुन्हा लिहायचं.

दुरुस्तीचा आदेश असेल तर आणखी एक काम : दुरुस्ती जागच्या जागी घातलेली संपूर्ण अद्ययावत प्रत त्याच दिवशी चढवायची. हे अशक्य नाही. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत पुढे कितीतरी फेरफार झाले. वास्तुविशारद मूळ प्रत घेऊन बसत नाहीत, फेरफार घातलेली प्रतच वापरतात. इमारतीच्या नियमांना जी सोय आहे ती शिष्यवृत्तीच्या नियमांना का नसावी?

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची सर्व संबंधित माहिती आपण होऊन प्रसिद्ध करायला सांगितलं आहे, आणि तीही स्थानिक भाषा लक्षात घेऊन. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणात, म्हणजे कायदा करण्याआधी लोकांचं मत घेण्याच्या धोरणात, मसुद्यासोबत सोप्या भाषेतली टिपणी आणि किमान ३० दिवसांची मुदत आहे. आपल्याच राज्याचा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ सेवा, शुल्क, पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी असलेला) अधिकारी आणि अपील अधिकारी यांची माहिती कार्यालयात फलकावर लावायला सांगतो. म्हणजे अर्धं पान कायद्याने आधीच लिहून ठेवलं आहे.

विधी खात्याचा आक्षेप आम्हाला अंदाजाने माहीत आहे : खुलासा आणि मूळ मजकूर यांत तफावत निघाली तर? मूळ मजकूरच ग्राह्य, हे पानाच्या तळाशी छापावं. पण त्यालाच जोडून हेही छापावं की शासनाच्या खुलाशावर विसंबून वागलेल्या माणसाला दंड किंवा विलंबशुल्क लावलं जाणार नाही. या दुसऱ्या ओळीशिवाय पहिली ओळ म्हणजे नुसता हात झटकणं होईल. सुरुवात सगळ्या खात्यांनी एकदम करू नये. महसूल, सामाजिक न्याय आणि शालेय शिक्षण यांचे आदेश सर्वाधिक घरांत पोचतात, तिथून करावी.

सोबत नमुना म्हणून २००४ च्या त्या अधिसूचनेचं पान आम्ही भरून पाठवत आहोत.

आपले,
शासनाचे कागद वाचून लोकांना समजावून सांगणारे काही जण

सोबत : नमुना खुलासा

काय बदललं : सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क नाही.
कधीपासून : १ जुलै २००४ च्या अधिसूचनेपासून.
कोणाला लागू नाही : भाडेकरार, खरेदीखत असे करारनामे. त्यांना शुल्क लागतंच.
काय करायचं : प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर लिहा किंवा टाइप करा. स्टॅम्पपेपर विकत घेऊ नका.
कार्यालयाने तरीही स्टॅम्पपेपर मागितला तर कोणाकडे जायचं : (हा रकाना आम्हाला भरता आला नाही. कृपया विभागाने भरावा.)