पडलेला ओंडका जंगलातच राहू द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीत पाऊस स्थिरावला की पाचोळ्यात करंगळीच्या नखाएवढ्या अळंब्या उगवतात. त्यांतल्या मरास्मियस या अळंबीचा देठ घोड्याच्या केसासारखा. एकाच वाळक्या पानावर ती उभी असते, उघडीप पडली की सुकते आणि सर आली की पुन्हा फुलते. मायसीना ही दुसरी नाजूक अळंबी मात्र दोन-तीन दिवसांत विरते. पण छत्री हे नुसते फळ. खरे काम पाचोळ्यात आणि लाकडात पसरलेले तंतू करतात. लाकडाला ताठ ठेवणारे लिग्निन पूर्ण मोडण्याची ताकद मुख्यतः याच बुरशांत आहे. पानांतले नत्र-स्फुरद तंतूंत धरले जाते आणि झाडांना सावकाश मिळते. जांभ्यावरच्या पातळ मातीला एवढ्या पावसात दुसरा आधार थोडाच आहे.

पाचोळा जाळला की बरेचसे नत्र हवेत जाते आणि राख पहिल्याच पावसात उतारावरून वाहते. वणवा अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, हव्यातच, त्याला आमचा विरोध नाही. विनंती रेषेच्या आतल्या जंगलापुरती आहे. तिथे ‘साफसफाई’ नको.

वाटेवर झाड पडले तर वाटेच्या रुंदीपुरतेच कापावे. ओंडके सालीसकट कडेला लोटावेत, जमिनीला टेकलेले. रचून ठेवले की वारा लागून वाळतात आणि कुजणे थांबते. मनगटाहून बारीक काटक्या गावकऱ्यांनी सरपणाला न्याव्यात. मांडीएवढे जाड लाकूड जागीच राहावे. वाटांवरचा पाचोळा झाडांखाली पातळ पसरावा. दाट ढिगात हवा खेळत नाही, बुरशी गुदमरते.

देवरायांची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. मंदिराच्या सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉक थेट झाडांच्या बुंध्यांपर्यंत जातात. फरशीवर पडलेले पान मातीला लागतच नाही. ते झाडून जाळले जाते. अशा अंदाजपत्रकांत फरसबंदी देवळाच्या अंगणापुरतीच मंजूर व्हावी.

अळंब्यांच्या नोंदीही हव्यात. 10 × 10 मीटरचा तोच चौकोन जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला पाहावा. महिन्यातून एकदा गेल्यास मायसीना हुकतेच. छत्रीच्या फोटोसोबत ती कशावर उगवली, पानावर, काटकीवर की ओंडक्यावर, हे लिहावे.

भीमाशंकरला पावसाळी रात्री चमकणारी बुरशी पाहायला लोक जातात. तो उजेड कुजत्या, ओल्या लाकडातला आहे. तुकडा घरी नेला की वाळतो आणि मालवतो. तिथल्या वाटाड्यांना हे सांगण्याची जबाबदारी द्यावी.

जाळरेषांची कामे सुरू होण्याआधी या सूचना प्रत्येक बीटच्या वनरक्षकापर्यंत लेखी पोहोचाव्यात.

आपले,
सह्याद्रीतील अळंब्यांचे अभ्यासक